ओतकामाचं स्वतःचं लिनक्स

सीएनसी मशीनचं लोखंड वीस-पंचवीस वर्षं सहज टिकतं. बेअरिंग बदलता येतं, बॉलस्क्रू नवा बसवता येतो, झिजलेल्या स्लाइड घासून पुन्हा मापात आणता येतात. आधी दगा देतो तो कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा संगणक. त्याचं एखादं कार्ड जळतं, ते मॉडेल बंद झाल्याचं कळतं, आणि नव्या कंट्रोलरचा खर्च ऐकून मालक गप्प होतो. मग चांगलं धडधाकट मशीन ताडपत्रीखाली जातं, नाहीतर भंगारच्या भावाने विकलं जातं. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात दुरुस्तीला कोणी हार जात नाही. बंद पडलेलं चालू करणं हाच इथल्या मेस्त्रीचा मान. तरीही या एका ठिकाणी त्याचे हात थांबतात. मशीनच्या सगळ्या भागांपर्यंत तो पोहोचतो, पण कंट्रोलरच्या आत काय आहे हे पाहण्याचा हक्कच त्याला दिलेला नसतो.

माझं म्हणणं असं, की कोल्हापूरच्या ओतकामाने आणि मशीन शॉपने स्वतःसाठी एक लिनक्स डिस्ट्रिब्युशन घडवायला हवं. त्याला लागणारे बहुतेक सगळे भाग आज तयार आहेत आणि फुकट मिळतात. ते एकत्र आणून जुळवणं आणि वर्षानुवर्षं नीट राखणं हे काम कोणी अंगावर घेतलेलं नाही. त्यामुळे हा प्रश्न प्रोग्रामिंगचा कमी आणि संघटनेचा जास्त आहे.

डिस्ट्रिब्युशन म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. लिनक्स हा मुळात फक्त कर्नल, म्हणजे संगणकाच्या यंत्रणेशी बोलणारा गाभा. लिनस टॉरवाल्ड्सने तो १९९१ मध्ये लिहायला घेतला. नुसत्या गाभ्याने कोणाचं काम होत नाही. त्याच्या भोवती हजारो प्रोग्राम लागतात, ते एकमेकांशी जुळावे लागतात, त्यांच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी याव्या लागतात. ही निवड, जुळवणी आणि राखण मिळून डिस्ट्रिब्युशन होतं. १९९३ मध्ये सुरू झालेलं डेबियन हे त्यातलं सर्वांत जुन्यांपैकी एक. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७०,००० पॅकेजेस आहेत. एखाद्या व्यवसायाचं खास डिस्ट्रिब्युशन करायचं म्हणजे या ढिगातून त्या व्यवसायाला नेमकं काय लागतं ते निवडायचं, त्याची मांडणी त्या कामाच्या क्रमाने करायची आणि पहिल्या दिवशी संगणक सुरू केल्याबरोबर काम करता येईल अशी तयारी करून द्यायची. यात नवा प्रोग्राम क्वचितच लिहावा लागतो. धंद्याला स्वतःचं काम किती नीट समजलं आहे, याची मात्र कसोटी लागते.

मशीन शॉपच्या बाबतीत असं डिस्ट्रिब्युशन जगात आहे आणि त्याचा इतिहास आपल्याला बरंच शिकवणारा आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेने १९९० च्या दशकात ‘एनहान्स्ड मशीन कंट्रोलर’ नावाचा प्रकल्प केला. सरकारी पैशातून झालेलं काम म्हणून तो सर्वांसाठी खुला राहिला. पुढे संस्थेने त्यातून अंग काढलं, तेव्हा मशीनवर काम करणारे लोकच पुढे आले आणि त्यांनी तो चालवत ठेवला. आज तो ‘लिनक्ससीएनसी’ या नावाने ओळखला जातो. तो डेबियनवर बसवलेल्या तयार डिस्कच्या रूपात मिळतो. पेनड्राइव्हवर उतरवायचा, जुन्या पीसीला लावायचा, सुरू करायचा. जी-कोड वाचणं, तीन किंवा त्याहून जास्त अक्ष एकत्र हलवणं, लॅडर लॉजिक, टूल टेबल हे सगळं त्यात असतं.

साधा पीसी मशीन चालवू शकतो का, ही शंका रास्त आहे. घरचा संगणक मधेच क्षणभर अडखळला तर आपलं काही बिघडत नाही. कटर धातूत असताना तोच क्षण जॉब वाया घालवतो. म्हणून मशीनच्या संगणकाला वेग कमी असला तरी चालतो, पण ठरलेल्या वेळी ठरलेलं काम झालंच पाहिजे. लिनक्सला ही शिस्त लावणारे बदल मूळ कर्नलच्या बाहेर जवळपास वीस वर्षं घडत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ पासून ते मूळ कर्नलचा भाग झाले.

एखादा पीसी या शिस्तीला उतरतो का, हे तपासायची लिनक्ससीएनसीची रीत पाहण्यासारखी आहे. त्यात ‘लेटन्सी टेस्ट’ नावाची एक छोटी खिडकी असते. प्रोग्रामचा एक धागा दर मिलिसेकंदाला जागा होतो, दुसरा दर २५ मायक्रोसेकंदांना. जागं व्हायला किती उशीर झाला हे नॅनोसेकंदात पडद्यावर दिसत राहतं. ही चाचणी चालू ठेवून संगणकाला मुद्दाम छळायचं असतं. खिडक्या इकडेतिकडे ओढायच्या, मोठी फाइल कॉपी करायला लावायची, गाणी लावायची, त्रिमितीय चित्रं फिरवत ठेवायची. या सगळ्या गोंधळात कमाल उशीर १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर तो पीसी स्टेपर मोटरला थेट पल्स द्यायच्या लायकीचा. १०० च्या वर गेला तर त्या कामाला बाद. कित्येकदा महागडा लॅपटॉप नापास होतो आणि कोपऱ्यात पडलेला जुना ऑफिसचा डेस्कटॉप उत्तम गुणांनी पास होतो, कारण लॅपटॉपची वीज वाचवणारी यंत्रणा मधेमधे आपल्या मर्जीने काम थांबवते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. कोणता पीसी पास होतो, त्याच्या बायॉसमध्ये कोणत्या सोयी बंद कराव्या लागतात, कोणत्या ड्राइव्हला कोणतं कार्ड जुळतं, हे ज्ञान डिस्कमध्ये येत नाही. ज्याने ते केलं त्याच्याच डोक्यात ते राहतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढच्या विंडोजच्या अटीत न बसणारे कितीतरी चांगले पीसी त्यामुळे ऑफिसांमधून बाहेर पडताहेत. त्यातले कोणते मशीनवर चालतील याची तपासलेली यादी एका शॉपने केली आणि ती सगळ्यांना मिळाली, तर पुढच्या माणसाचा शोधाचा वेळ वाचेल. लिनक्ससीएनसीमध्ये मशीनची सगळी जुळवणी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. कोणती वायर कोणत्या सिग्नलला जाते, कोणता अक्ष मिलिमीटरला किती पल्स घेतो, होम स्विच कुठे आहे, सगळं वाचता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. एका जातीच्या जुन्या व्हीएमसीची, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरची, जुळवणी एकाने केली की तीच फाइल थोड्या फेरफाराने दुसऱ्याच्या मशीनवर चालते. कोल्हापूरच्या डिस्ट्रिब्युशनमध्ये पहिली जागा या फाइलींना हवी. आणि प्रत्येक फाइलीबरोबर मराठीत ठळक सूचना हवी, की इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडायचं नाही, त्याने ड्राइव्हची वीज वायरनेच तोडली पाहिजे.

आता ओतकामाकडे येऊ, कारण कोल्हापूरचा खरा जीव तिथे आहे. शेतीच्या पंपाला आणि गुऱ्हाळाला लागणारी ऑइल इंजिनं इथे बनू लागली, त्यांच्या भागांसाठी फाउंड्री उभ्या राहिल्या, आणि इंजिनांचा जमाना ओसरल्यावर त्याच फाउंड्री वाहन उद्योगाची कास्टिंग ओतू लागल्या. आज या परिसरात तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत असं सांगितलं जातं. या धंद्यात पैसा जातो तो रिजेक्शनमध्ये. कास्टिंग मशिनिंगला गेल्यावर आत श्रिंकेजची पोकळी निघते, तेव्हा धातू, वीज, मोल्डिंगची मजुरी आणि मशीनचा वेळ एकदमच वाया जातो.

ही पोकळी टाळण्यासाठी साच्यात रायझर, म्हणजे जादा धातूचा साठा, द्यायचा असतो. रायझर कास्टिंगच्या नंतर थिजला पाहिजे, म्हणजे आकसणाऱ्या धातूला तो शेवटपर्यंत पुरवठा करतो. किती वेळात काय थिजतं, याचा नियम च्वोरिनोव यांनी १९४० मध्ये मांडला: थिजण्याचा वेळ घनफळ भागिले पृष्ठफळ या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. या गुणोत्तराला मॉड्युलस म्हणतात. उदाहरणादाखल १०० मिलिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. घनफळ दहा लाख घन मिलिमीटर, पृष्ठफळ ६०,००० चौरस मिलिमीटर, म्हणून मॉड्युलस साधारण १६.७ मिलिमीटर. रायझरचा मॉड्युलस याच्या १.२ पट धरायची पद्धत आहे, म्हणजे २० मिलिमीटर. उंची आणि व्यास सारखा असलेल्या नळकांड्याचा मॉड्युलस व्यासाच्या एक षष्ठांश असतो. म्हणून रायझर १२० मिलिमीटर व्यासाचा. ही आकडेमोड कागदावर दोन मिनिटांत होते.

पण कोल्हापुरात मुख्यतः ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न ओतलं जातं, आणि तिथे हा हिशोब तसाच्या तसा लावला तर धातू वाया जातो. ग्रे आयर्न थिजताना त्यातलं ग्रॅफाइट फुगतं आणि आकसण्याची बरीच भरपाई आतूनच करतं. साचा कितपत घट्ट आहे, वाळूत बेंटोनाइट आणि ओलावा किती आहे, कार्बन इक्विव्हॅलंट काय आहे, कोणत्या तापमानाला ओतलं, यावर रायझर लहान चालेल की मुळीच नको, हे ठरतं. पुस्तकातला नियम आणि शिरोलीतल्या ग्रीन सँडचं वागणं यांच्यामधलं अंतर अनुभवी मोल्डरला माहीत असतं. ते अंतर संगणकात कुठेही लिहिलेलं नाही. बाहेरून विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ते येणार नाही, आणि मोल्डर निवृत्त झाल्यावर आपल्यापाशीही उरणार नाही.

म्हणूनच मी डिस्ट्रिब्युशनला धंद्याच्या शहाणपणाची लेखी नोंद मानतो. सुटे भाग पाहा. आराखड्यासाठी फ्रीकॅड आहे. त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि पॅटर्न, कोअर बॉक्स, फिक्स्चर यांच्या कामाला ते पुरतं. द्विमितीय ड्रॉइंगसाठी लिब्रेकॅड आहे. धातूचा प्रवाह आणि उष्णता यांचा हिशोब करायला ओपनफोम आहे. त्याचं मूळ लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आणि २००४ पासून ते सर्वांसाठी खुलं आहे. ताण आणि तापमान यांच्या विश्लेषणासाठी कॅल्क्युलिक्स आणि फिनलंडमध्ये घडलेलं एल्मर आहे. हे सगळे प्रोग्राम आज कोणीही उतरवून घेऊ शकतो. मग अडतं कुठे? ओपनफोम उघडल्यावर समोर येतो रिकामा पडदा आणि टर्मिनल. फाउंड्रीतल्या तरुण इंजिनिअरला समोर हवं असतं ते वेगळंच: पॅटर्नचा आराखडा उघडला की ग्रे आयर्नसाठी मीटरला सुमारे दहा मिलिमीटरची आकुंचनाची वाढ आपोआप धरलेली, मशिनिंग अलाउन्सची जागा तयार, मॉड्युलसचा हिशोब बटणावर, आणि नमुन्यादाखल इथेच ओतलेल्या एखाद्या पंप बॉडीचं पूर्ण सोडवलेलं उदाहरण, ज्यात हिशोबाने पोकळी कुठे दाखवली आणि कास्टिंग कापल्यावर ती खरोखर कुठे निघाली हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेलं आहे. तपासणीचे तक्ते, हीटची नोंद, सुरक्षेच्या सूचना मराठीत हव्यात, आणि देवनागरी टंक व कळफलक वेगळे बसवावे लागू नयेत. यातलं काहीही अवघड संशोधन नाही. धंद्यात मुरलेल्या माणसाने संगणकवाल्याशेजारी बसून करायचं हे काम आहे.

या कामाचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला आहे. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी कास्टिंगच्या संगणकीय आराखड्यावर दीर्घ काळ काम केलं, ‘ऑटोकास्ट’ हे सॉफ्टवेअर त्यातून आलं आणि लहान फाउंड्रीला शिकता यावं म्हणून ‘ई-फाउंड्री’ हा खुला उपक्रमही झाला. त्याच संस्थेतला ‘फॉसी’ हा केंद्र सरकारच्या मदतीने चालणारा प्रकल्प ओपनफोमसह अनेक खुल्या सॉफ्टवेअरचा प्रसार महाविद्यालयांत करतो. तिथूनच आलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे अनेक धडे मराठीत ऐकता येतात. म्हणजे शिकवणारे आहेत आणि शिकायची भाषाही तयार आहे. आपल्या धंद्याच्या गरजेनुसार त्याची मागणी करणारा आणि ते एकत्र बांधणारा इथे कोणी नाही.

इतर पेशांनी हे केलेलं आहे. वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय संशोधनासाठी ‘डेबियन मेड’ २००२ पासून चालू आहे. केरळने शाळांसाठी उबुंटूवर आधारलेलं स्वतःचं डिस्ट्रिब्युशन केलं आणि राज्याच्या ‘काइट’ या संस्थेकडे त्याची कायमची जबाबदारी दिली. नव्या आवृत्त्या येत राहतात, शिक्षकांना प्रशिक्षण मिळत राहतं. आपल्या न्यायव्यवस्थेचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी खुल्या सॉफ्टवेअरचा मार्ग धरला. न्यायाधीशांच्या संगणकांवर उबुंटू आलं, आणि खटल्यांच्या नोंदी ठेवणारी ‘सीआयएस’ ही प्रणाली एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे केंद्रात घडली. न्यायालयासारखी काळजीपूर्वक, परंपरेने चालणारी संस्था हे करू शकली, याचं कारण तिथे मालक ठरलेला होता. कोणत्या न्यायालयाला काय हवं, बदल कोण मंजूर करणार, प्रशिक्षण कोण देणार, हे आधी ठरलं. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ च्या सुमारास आणलेल्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्समागे तंत्रज्ञ होते, सरकार होतं, मराठीसह अनेक भारतीय भाषा होत्या. तरी ते घराघरांत पोहोचलं नाही. माझ्या मते याचं मोठं कारण असं, की ‘हे माझ्या कामाचं आहे’ असं म्हणणारा एखादा ठरावीक धंदा त्याच्या मागे उभा नव्हता.

फसलेली उदाहरणंही समोर ठेवली पाहिजेत. जिनिव्हाची सर्न आणि अमेरिकेची फर्मिलॅब या पदार्थविज्ञानाच्या बलाढ्य प्रयोगशाळांनी २००४ पासून ‘सायंटिफिक लिनक्स’ नावाचं डिस्ट्रिब्युशन चालवलं. २०१९ मध्ये फर्मिलॅबने पुढची आवृत्ती काढणार नसल्याचं जाहीर केलं आणि ३० जून २०२४ ला शेवटच्या आवृत्तीचा आधार संपला. दोन्ही प्रयोगशाळा सर्वसामान्य डिस्ट्रिब्युशनकडे वळल्या. हुशार माणसं आणि भरपूर पैसा असलेल्यांनाही वेगळं घर सांभाळणं परवडेनासं झालं. म्युनिक शहराच्या प्रशासनाने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आणले, २०१३ पर्यंत ते काम पुरं झालं, आणि २०१७ मध्ये नगर परिषदेने परत विंडोजकडे जायचा ठराव केला. कारणांवर वाद आहेत. पण सत्तेवरचे लोक बदलल्यावरही टिकेल अशी मालकी तिथे उभी राहिली नव्हती, हे उघड आहे.

या दोन गोष्टींतून मी दोन नियम काढतो. पहिला: डेबियनपासून फुटून वेगळं घर करायचं नाही. डेबियनमध्येच ‘ब्लेंड’ नावाची सोय आहे. एखाद्या पेशाला लागणाऱ्या पॅकेजेसची नावं एका मुख्य पॅकेजमध्ये बांधायची, ते बसवलं की बाकी सगळं मागोमाग येतं. सुरक्षेच्या दुरुस्त्या डेबियनच करतं, तेही एका आवृत्तीला एकूण सुमारे पाच वर्षं. आपल्याकडे उरतं फक्त आपलं म्हणून जे आहे ते: मशीनच्या जुळवणीच्या फाइली, आकुंचनाचे तक्ते, सोडवलेली उदाहरणं, मराठी मजकूर. नावाचा आणि लोगोचा मोह टाळून हे ओझं जितकं हलकं ठेवू तितकं ते टिकेल. दुसरा नियम: पहिली डिस्क काढण्याआधी ती पाच वर्षं कोण राखणार, हे ठरलं पाहिजे.

दुसरा नियम आपल्या शहराला जड जाईल, कारण आपला अभिमान घडवण्यात आहे, राखण्यात नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटरांची गोष्ट प्रत्येक कोल्हापूरकराला ठाऊक असते. चुलतभाऊ आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने चित्रपटाचा कॅमेरा इथेच घडवला, तो १९१८ मध्ये तयार झाला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. आपल्या कलेला लागणारं यंत्र आपणच करायचं, हा धडा मोलाचा आहे आणि मला तो मनापासून पटतो. पण डिस्ट्रिब्युशनचं काम एका कर्तबगार माणसाच्या झपाट्याने संपत नाही. शंभर शॉपमधले संगणक दर महिन्याला अद्ययावत करणं, एखाद्या बदलाने कोणाची जुळवणी बिघडली तर त्याच दिवशी उत्तर देणं, नवी आवृत्ती आली की सगळी उदाहरणं पुन्हा चालवून पाहणं हे कंटाळवाणं, न दिसणारं काम आहे. त्यासाठी पगारी माणूस लागतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे केलं तर मुलं पास होऊन गेल्यावर ते तिथेच संपेल.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजूही लहान नाही. मोठ्या वाहन कंपन्यांचं काम करणाऱ्या फाउंड्रीला ग्राहकाच्या सॉफ्टवेअरमधल्या मूळ फाइली हाताळाव्या लागतात. ‘स्टेप’ या आंतरराष्ट्रीय फाइल प्रकारात देवाणघेवाण होते, पण त्यात आराखड्यामागचा इतिहास येत नाही आणि काही ग्राहक ती स्वीकारतही नाहीत. अशा ठिकाणी परवान्याचं सॉफ्टवेअर ठेवावंच लागेल, एक-दोन संगणकांवर. ओपनफोमचा हिशोब कास्टिंगसाठी खास घडवलेल्या, अनेक वर्षं पडताळलेल्या व्यावसायिक सॉफ्टवेअरइतका तयार नाही, हेही खरं. तो तसा होण्यासाठी इथल्या धातूची आणि वाळूची मोजमापं लागतील आणि कापून पाहिलेली कास्टिंगं लागतील. तोवर त्याच्या उत्तराला इशारा मानावं, निकाल मानू नये. नव्या, हमीच्या मशीनवर कंट्रोलर बदलायलाही मी सांगणार नाही. आधी ताडपत्रीखालची मशीनं बाहेर काढू.

पण खर्चाचा हिशोब मांडताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. लहान वर्कशॉपमधून ‘क्रॅक’ केलेलं कॅड सॉफ्टवेअर वापरलं जातं, हे उघड गुपित आहे. त्याची किंमत शून्य वाटते, पण ती दुसरीकडे मोजली जाते. त्याला दुरुस्त्या मिळत नाहीत, व्हायरस त्यातूनच येतो, इंटरनेट जोडायची भीती वाटते, परदेशी ग्राहकाच्या ऑडिटच्या दिवशी संगणक लपवावे लागतात. आणि त्यावर शिकलेला मुलगा चोरीच्या साधनाची सवय घेऊनच धंद्यात उतरतो. आपल्या कामाची इज्जत राखायची असेल तर हत्यारं हक्काची असली पाहिजेत. ती विकत घ्यायची ऐपत नसेल तर खुल्या सॉफ्टवेअरचा प्रामाणिक रस्ता मोकळा आहे.

सगळ्यात खोल आक्षेप मात्र मनातला आहे: माझ्या अनुभवाची फाइल मी शेजारच्याला का द्यावी, उद्या तोच माझी ऑर्डर घेऊन जाईल. याचं उत्तर आपल्याच उद्योगाने दिलेलं आहे. कोल्हापूर फाउंड्री अँड इंजिनिअरिंग क्लस्टरने वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा सामायिक प्रकल्प उभा केला. एकमेकांचे स्पर्धक तिथे एकाच प्रकल्पात वाळू पाठवतात, आणि तरीही प्रत्येकाचा पॅटर्न आणि दर त्याच्या कपाटात सुरक्षित राहतो. डिस्ट्रिब्युशनचंही तसंच आहे. ग्राहकाचं ड्रॉइंग, दर, धातूचं मिश्रण हे ज्याचं त्याच्याकडे. पीसीची यादी, जुन्या मशीनची जुळवणी, आकुंचनाचे तक्ते, हिशोबाची रीत हे सगळ्यांचं. ज्यावर कोणाचीच ऑर्डर अवलंबून नाही, पण जे नसल्याने सगळ्यांचाच वेळ जातो, तेवढंच सामायिक करायचं आहे. दूध, साखर, सूत सहकारातून उभं करणाऱ्या जिल्ह्याला ही रेषा कुठे ओढायची, हे शिकवायची गरज नाही.

म्हणून मागणी नेमकी करतो. ‘स्मॅक’ आणि ‘गोशिमा’ या उद्योजकांच्या संघटना, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आणि इंडियन फाउंड्रीमेनच्या संस्थेची कोल्हापूर शाखा यांनी मिळून दोन पूर्णवेळ जागा पाच वर्षांसाठी निर्माण कराव्यात. एका जागेवर डेबियन जाणणारा माणूस, दुसऱ्या जागेवर फाउंड्रीत किमान दहा वर्षं काढलेला. दोघांचा पगार सभासदांच्या वर्गणीतून यावा, कारण अनुदानावर उभं राहिलेलं काम अनुदानाबरोबर संपतं. पहिल्या आवृत्तीत तीनच गोष्टी असाव्यात: एका जातीच्या जुन्या व्हीएमसीची पूर्ण जुळवणी, ग्रे आयर्नच्या पॅटर्नसाठी फ्रीकॅडचा तयार आराखडा, आणि कापून पडताळलेलं एक कास्टिंग. अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि तंत्रनिकेतनं यांनी त्याच डिस्कवर शिकवावं, म्हणजे मुलं शॉपमध्ये येतील तेव्हा हत्यार त्यांच्या ओळखीचं असेल. वर्षाअखेर किती बंद मशीनं चालू झाली आणि रिजेक्शनमध्ये काय फरक पडला, याचे आकडे सभासदांपुढे ठेवावेत. ते समाधानकारक नसतील तर काम थांबवावं, असतील तर चौथी गोष्ट हाती घ्यावी. मालकांच्या सभेत याआधी जकातीवर, वीजदरावर, रस्त्यांवर ठराव झाले, आणि ते सरकारकडे मागण्याचे ठराव होते. हा ठराव कोणाकडे पाठवायचा नाही. तो करायचा आणि त्याच महिन्यात माणसं नेमायची.